झिओलाइट उत्प्रेरक घडवताना : जेलपासून कृत्रिम पेट्रोलपर्यंत

वाघोलीच्या खाणींत बेसॉल्ट फोडला की दगडातल्या पोकळ्यांमध्ये स्टिल्बाइट आणि ह्यूलँडाइट या झिओलाइटांचे, म्हणजे सिलिकॉन, ॲल्युमिनियम आणि ऑक्सिजनच्या सूक्ष्मछिद्री खनिजांचे, पांढरे, गुलाबीसर स्फटिक निघतात. पुणे परिसरातले हे नमुने जगभरच्या खनिजसंग्रहांत पोहोचले आहेत. साहजिकच इथे झिओलाइटवर काम सुरू करणाऱ्याला प्रश्न पडतो, की हाच दगड दळून उत्प्रेरक म्हणून का वापरू नये. त्याचे उत्तर नकारार्थी आहे. ह्यूलँडाइटची चौकट तापवल्यावर ४५० अंश सेल्सिअसपर्यंतही टिकत नाही, स्टिल्बाइटमध्ये सिलिकॉन आणि ॲल्युमिनियमचे प्रमाण जेमतेम तीनास एक असते, आणि दोहोंच्या पोकळ्यांत कॅल्शियम व इतर धातू ठाण मांडून बसलेले असतात. इंधननिर्मितीची अभिक्रिया ३५० ते ५५० अंशांवर, वाफेच्या सान्निध्यात चालते. तिथे टिकणारा झिओलाइट आपल्यालाच घडवावा लागतो.

हे मार्गदर्शन रसायनशास्त्राचे पदव्युत्तर विद्यार्थी आणि आसवनी किंवा प्रक्रिया उद्योगातील तरुण अभियंते यांच्यासाठी आहे. काचसामान, भट्टी आणि गॅस क्रोमॅटोग्राफ हाताळण्याची सवय आहे, पण झिओलाइट प्रथमच बनवायचा आहे, असे वाचक मी गृहीत धरले आहेत. उदाहरणासाठी झेडएसएम-५ हा झिओलाइट आणि मेथनॉलपासून पेट्रोल ही अभिक्रिया घेतली आहे, कारण या एका जोडीत विषयाची बहुतेक सर्व गुंतागुंत आढळते. पुण्यात या विषयाची परंपराही जुनी आहे. पाषाणच्या राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेत १९८०च्या दशकात पॉल रत्नसामी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ‘एन्सिलाइट’ नावाचे झिओलाइट उत्प्रेरक विकसित केले. त्यातूनच, अल्कोहोल थेट बेंझिनशी जोडून इथिलबेंझिन बनवणारी ‘अल्बीन’ प्रक्रिया उभी राहिली.

आधी उत्पादन ठरवा, मग झिओलाइट

झिओलाइटच्या चौकटीत प्रत्येक सिलिकॉन चार ऑक्सिजनांनी वेढलेला असतो. एखाद्या सिलिकॉनच्या जागी ॲल्युमिनियम बसला की तिथे एक ऋणभार उरतो आणि त्याची भरपाई जवळ येऊन बसलेला सोडियम करतो. तो सोडियम काढून प्रोटॉन बसवला की ब्रॉन्स्टेड आम्लस्थान, म्हणजे प्रोटॉन देऊ शकणारी जागा, तयार होते. भंजन, समघटकीकरण, अल्किलीकरण, ऑलिफिनांची, म्हणजे दुहेरी बंधाच्या हायड्रोकार्बनांची, जोडणी, ही सगळी कामे हे आम्लस्थानच करते. पण ते बारीक छिद्राच्या आत असते आणि त्या छिद्रात शिरू न शकणाऱ्या रेणूच्या दृष्टीने ते नसल्यासारखेच असते. तयार झालेला पण बाहेर पडू न शकणारा रेणूही आतच अडकून पुढे कोक, म्हणजे कार्बनचा चिवट साठा, बनतो. म्हणून उत्प्रेरकाची निवड उत्पादनाच्या रेणूकडून मागे मोजत करावी.

सापो-३४ या झिओलाइटसारख्याच सूक्ष्मछिद्री पदार्थाची छिद्रे सुमारे ०.३८ नॅनोमीटरची असतात, झेडएसएम-५ची सुमारे ०.५५ आणि वाय झिओलाइटची ०.७४. इथिलिन आणि प्रोपिलिन हवे असेल, तर सापो-३४ घ्यावा. त्याच्या आत मोठे ॲरोमॅटिक रेणू तयार होतात, पण बाहेर निघतात ती लहान ऑलिफिनेच. कच्च्या तेलातील जड भाग फोडायचा असेल, तर रुंद दारांचा वाय झिओलाइट लागतो. मोबिल कंपनीने १९६२ मध्ये झिओलाइटयुक्त भंजन उत्प्रेरक बाजारात आणला, आणि पुढे जगातील तेलशुद्धीकरण कारखान्यांच्या एफसीसी (द्रवीभूत थरातील उत्प्रेरकी भंजन) संयंत्रांत वाय झिओलाइटचेच राज्य आले. झेडएसएम-५ तिथे जोडीला, प्रोपिलिन आणि ऑक्टेन वाढवण्यासाठी घालतात. पेट्रोलच्या टप्प्यातले रेणू हवे असतील, तर झेडएसएम-५ला तोड नाही. त्याच्या छिद्रांतून साधारण दहा कार्बनांपर्यंतचे रेणूच सहज सुटतात आणि पेट्रोलचा वरचा उत्कलनबिंदूही तिथेच येतो. याच झिओलाइटात पॅरा-झायलिन आपल्या ऑर्थो आणि मेटा भावंडांपेक्षा सुमारे हजारपट वेगाने सरकते, यावरून छिद्राच्या आकाराचे महत्त्व लक्षात यावे.

विमानाचे इंधन किंवा डिझेल हवे असेल, तर मात्र झेडएसएम-५वर मेथनॉल सोडून भागत नाही. तिथे आधी लहान ऑलिफिने बनवून ती कमी तापमानाला आणि जास्त दाबाखाली जोडावी लागतात आणि शेवटी त्यांवर हायड्रोजन चढवावा लागतो. दुसरा मार्ग फिशर-ट्रॉप्शचा आहे. त्याबद्दल एक गैरसमज वारंवार ऐकू येतो, म्हणून स्पष्ट करतो: कार्बन मोनॉक्साइड आणि हायड्रोजनपासून लांब साखळ्या बनवण्याचे काम तिथे लोह किंवा कोबाल्ट करतो, झिओलाइट करत नाही. झिओलाइट पुढच्या टप्प्यात येतो. तयार झालेले मेण प्लॅटिनम चढवलेल्या वाय किंवा बीटा झिओलाइटवर हायड्रोजनच्या दाबाखाली तोडून डिझेल मिळवतात.

मेथनॉल ते पेट्रोल हा मार्ग कागदी नाही, हे सांगायला न्यूझीलंडमधील मोटुनुईचा कारखाना पुरेसा आहे. १९८५ मध्ये तिथे नैसर्गिक वायूपासून मेथनॉल आणि मेथनॉलपासून झेडएसएम-५वर दिवसाला सुमारे १४,५०० बॅरल पेट्रोल निघू लागले. पुढे खनिज तेल स्वस्त झाले आणि पेट्रोलचा भाग बंद पडला; उत्प्रेरकाने दगा दिला म्हणून तो बंद पडलेला नाही.

जेल बनवणे

पुढील प्रमाण १०० मिलिलिटरच्या टेफ्लॉन अस्तराच्या ऑटोक्लेव्हसाठी आहे आणि त्यात सिलिकॉन व ॲल्युमिनियमचे गुणोत्तर ४० धरले आहे. ॲल्युमिनियम याहून बराच वाढवला, तर आम्लस्थाने वाढतात, पण ती एकमेकांच्या जवळ येतात, हायड्रोजनची देवाणघेवाण जोर धरते आणि कोक लवकर साचतो. पहिल्या प्रयोगासाठी ४० हे समंजस गुणोत्तर आहे.

टेट्राप्रोपिल अमोनियम हायड्रॉक्साइडचे २० टक्क्यांचे द्रावण २०.३ ग्रॅम घ्यावे आणि त्यात ३८ ग्रॅम निरायनित पाणी घालावे. त्यात सोडियम ॲल्युमिनेट पूर्ण विरघळवावा. तो किती घ्यायचा हे बाटलीवरील लेबल पाहून ठरवावे, कारण बाजारातील सोडियम ॲल्युमिनेटमध्ये ॲल्युमिना किती आहे हे उत्पादकागणिक बदलते. आपल्याला ॲल्युमिना ०.१२८ ग्रॅम हवा आहे. लेबलवर ५३ टक्के असेल, तर सोडियम ॲल्युमिनेट ०.२४ ग्रॅम लागेल. द्रावण स्वच्छ झाल्यावर चुंबकीय ढवळणी चालू ठेवून २०.८ ग्रॅम टेट्राइथिल ऑर्थोसिलिकेट, म्हणजे प्रयोगशाळेच्या बोलीतील टीईओएस, थेंबथेंब सोडावे. सुरुवातीला तेलासारखा वेगळा थर तरंगतो आणि काही तासांनी तो नाहीसा होऊन एकजीव द्रव उरतो. तो थर दिसेनासा होईपर्यंत पुढे जाऊ नये.

टीईओएसच्या विघटनातून १८.४ ग्रॅम इथेनॉल तयार होते आणि ते उडवून लावावे लागते, नाहीतर ऑटोक्लेव्हमध्ये अंदाजापेक्षा जास्त दाब चढतो. फ्यूमहूडमध्ये सुमारे ८० अंशांवर उघडे ढवळत ठेवावे आणि भांड्यासह वजन करत राहावे. इथेनॉलबरोबर थोडे पाणीही जाते. म्हणून वजन थोडे जास्त घटू द्यावे आणि मग पाणी घालून मिश्रण ६१ ग्रॅमवर आणावे. ही वजनाची नोंद अनेकजण टाळतात, आणि मग एका खेपेचे स्फटिक दुसऱ्या खेपेपेक्षा वेगळ्या आकाराचे का आले हे त्यांना कधीच कळत नाही.

स्फटिकीकरण आणि भाजणी

मिश्रण ऑटोक्लेव्हमध्ये भरावे. ते दोन-तृतीयांशापेक्षा जास्त भरू नये. झाकण घट्ट करून १७० अंशांच्या ओव्हनमध्ये ४८ तास ठेवावे. या तापमानाला केवळ पाण्याच्या वाफेचा दाब सुमारे ८ बार होतो. टेफ्लॉन २०० अंशांच्या वर मऊ पडते, त्यामुळे ओव्हनच्या नियंत्रकावर वरची मर्यादा आधीच लावून ठेवावी. मध्येच वीज गेली, तर ओव्हन उघडू नये. तासाभराच्या खंडाने फारसे बिघडत नाही, मात्र वीज किती वेळ नव्हती ते नोंदवून तेवढा वेळ पुढे वाढवावा. ऑटोक्लेव्ह पूर्ण थंड झाल्याशिवाय झाकणाला हात लावायचा नाही, हा नियम कितीही घाई असली तरी मोडायचा नाही.

उघडल्यावर तळाशी पांढरा गाळ आणि वर जवळजवळ स्वच्छ द्रव दिसला, तर स्फटिकीकरण झाले असे समजावे. सगळेच दुधाळ असेल, तर कण अतिसूक्ष्म आहेत. ते गाळणकागदातून आरपार जातात, म्हणून सेंट्रिफ्यूज वापरावा. धुतलेल्या पाण्याचा पीएच ९ च्या खाली येईपर्यंत धुवावे आणि ११० अंशांवर रात्रभर वाळवावे. पाच-साडेपाच ग्रॅम भुकटी हाती लागते.

या भुकटीच्या छिद्रांत अजून टेट्राप्रोपिल अमोनियम अडकलेला असतो. ज्याभोवती चौकट वाढली तो हा साचा, आणि तो जाळावा लागतो. रुंद, उथळ चिनीमातीच्या भांड्यात पातळ थर पसरून हवेच्या प्रवाहात मिनिटाला एक ते दोन अंशांनी तापवत ५५० अंशांवर न्यावे आणि तिथे आठ तास ठेवावे. तापमान चढताना साचा तुटून अमाइने बाहेर पडतात आणि भट्टीजवळ सडक्या मासळीसारखा वास येतो, म्हणून भट्टीचे धुराडे चालू असलेच पाहिजे. मधल्या टप्प्यात भुकटी तपकिरी, मग काळपट होते आणि अखेरीस शुभ्र पांढरी होते. खालचा भाग करडा राहिला असेल, तर थर जाड होता आणि आत ऑक्सिजन पोहोचला नाही; अशी भुकटी पसरून पुन्हा भाजावी. घाईने तापवले, तर साचा एकदम पेटतो, त्या ठिकाणी तापमान उसळते आणि निघालेल्या वाफेने चौकटीतील ॲल्युमिनियम सुटतो. मग त्या जागी आम्लस्थान उरत नाही.

सोडियम काढणे

भाजलेल्या झिओलाइटात सोडियम अजून असतोच. त्याच्या जागी अमोनियम बसवण्यासाठी (याला विनिमय म्हणतात) पुस्तकांत अमोनियम नायट्रेट सांगितलेले आढळते, पण आपल्याकडे २०१२च्या नियमांमुळे त्याची खरेदी आणि साठवण बंधनात आहे. अमोनियम क्लोराइडने तेच काम होते. दर ग्रॅम झिओलाइटला एक मोलार द्रावण २० मिलिलिटर या प्रमाणात घेऊन ८० अंशांवर तीन तास ढवळावे, गाळावे, आणि ताज्या द्रावणाने हे एकूण तीनदा करावे. क्लोराइड निघून गेले याची सिल्व्हर नायट्रेटने खात्री करावी. वाळवून पुन्हा ५०० अंशांवर चार-पाच तास भाजले की अमोनिया उडून जातो आणि प्रोटॉनरूप झेडएसएम-५ मिळतो. क्रम मात्र चुकवू नये. साचा जाळण्याआधी विनिमय केला, तर छिद्रे बंद असल्याने आतला सोडियम जागचा हलत नाही.

परीक्षा : ही पायरी सर्वांत सावकाश करावी

क्ष-किरण विवर्तनात तांब्याच्या किरणांनी ७.९ आणि ८.८ अंशांवर दोन शिखरे आणि २३ ते २४.५ अंशांदरम्यान शिखरांचा पुंजका दिसला, तर चौकट झेडएसएम-५चीच आहे. त्याखाली २० ते ३० अंशांमध्ये पसरट उंचवटा असेल, तर अस्फटिक सिलिका उरली आहे, आणि २६.६ अंशांवर टोकदार शिखर असेल, तर क्वार्ट्झ झाला आहे. भाजल्यानंतर पहिली दोन शिखरे उंचावतात, त्यात घाबरण्यासारखे काही नाही. नायट्रोजन शोषणातून ३५० ते ४२० चौरस मीटर प्रतिग्रॅम पृष्ठफळ मिळाले, तर छिद्रे मोकळी आहेत असे धरावे.

खरी परीक्षा आम्लस्थानांची आहे. सिलिकॉन-ॲल्युमिनियम गुणोत्तर ४० असेल आणि प्रत्येक ॲल्युमिनियमला एक प्रोटॉन असेल, तर प्रतिग्रॅम ०.४१ मिलिमोल आम्लस्थाने असली पाहिजेत. हा आकडा केवळ रेणुभाराच्या हिशोबातून निघतो आणि त्याला कोणताही प्रयोग लागत नाही. आता अमोनिया शोषवून तापमान चढवत सोडवला, की दोन शिखरे येतात. सुमारे २०० अंशांजवळच्या शिखरातील अमोनिया सैल चिकटलेला असतो आणि तो मोजणीत धरायचा नाही. ३५० ते ४०० अंशांच्या आसपासचे शिखर खऱ्या आम्लस्थानांचे असते. त्यातून ०.३५ ते ०.४ मिलिमोल निघाले, तर काम उत्तम झाले आहे. अर्धेच निघाले, तर दोन शक्यता आहेत आणि त्यांतील कोणती खरी ते ओळखायचे साधन वेगवेगळे आहे. सोडियम शिल्लक असेल, तर मूलद्रव्य विश्लेषणात तो दिसतो आणि विनिमय पुन्हा केला की दोष जातो. ॲल्युमिनियम चौकटीबाहेर पडला असेल, तर ॲल्युमिनियमच्या घन-अवस्था एनएमआरमध्ये (अणुकेंद्रीय चुंबकीय अनुनादात) ५५ पीपीएमच्या शिखराशिवाय शून्यापाशी दुसरे शिखर उगवते, आणि तो दोष विनिमयाने दुरुस्त होत नाही. तेव्हा भाजणीचा वेग कमी करून नवी खेप घालावी. दोन्ही शिखरांची बेरीज करून एकूण आम्लता म्हणून छापण्याची पद्धत बरीच रूढ आहे. माझ्या मते त्या बेरजेतून उत्प्रेरकाविषयी काहीच कळत नाही.

इथे पुण्याच्या पावसाळ्याचा विचार करावा लागतो. भाजलेला झिओलाइट हवेतील ओल झपाट्याने ओढतो, आणि जुलै-ऑगस्टमध्ये तराजूवर ठेवलेल्या भुकटीत काही टक्के पाणीच असते. वर सांगितलेले सगळे आकडे कोरड्या वजनावर आहेत. यावर उपाय असा, की भुकटी संतृप्त मिठाच्या द्रावणावरील बंद डेसिकेटरमध्ये ठेवून तिची ओल स्थिर होऊ द्यावी, ती किती आहे हे तापभारमापनाने, म्हणजे तापवताना होणारी वजनातली घट नोंदवून, एकदा मोजावे आणि प्रत्येक वजनातून तेवढी वजा करावी. कोरडे ठेवण्यासाठी धडपडण्यापेक्षा ठरावीक ओले ठेवणे सोपे पडते.

अभिक्रियाकुंभ भरणे

भुकटी थेट नळीत भरली, तर वायूला वाटच उरत नाही. ती साच्यात दाबून वड्या कराव्यात, त्या फोडून ०.२५ ते ०.४२ मिलिमीटरचे दाणे चाळून घ्यावेत. फार जोराने दाबू नये. औद्योगिक स्वरूपासाठी २० ते ३० टक्के ॲल्युमिना मिसळून कांड्या काढतात, पण पहिल्या चाचणीत बंधक नकोच, कारण त्याचीही स्वतःची आम्लता असते.

सुमारे १० मिलिमीटर आतील व्यासाच्या क्वार्ट्झच्या नळीत ०.५ ग्रॅम दाणे, त्याच आकाराच्या तीन-चार ग्रॅम क्वार्ट्झच्या दाण्यांत मिसळून भरावेत. हे पातळ करणे हौसेसाठी नाही. मेथनॉलचे हायड्रोकार्बनांत रूपांतर होताना प्रतिकिलो सुमारे १.७ मेगाज्यूल उष्णता बाहेर पडते; ती काढून घेतली नाही, तर तापमान सुमारे ६०० अंशांनी चढू शकते. मोटुनुईतही याच कारणासाठी काम दोन कुंभांत वाटले होते: पहिल्यात ॲल्युमिनावर डायमिथिल ईथर आणि दुसऱ्यात झेडएसएम-५वर पेट्रोल, तेही वायू फिरवून उष्णता वाहून नेत. प्रयोगशाळेत तापयुग्माचे टोक दाण्यांच्या थरात असले पाहिजे, भट्टीच्या भिंतीला नव्हे. मेथनॉल सोडल्यावर ते टोक पाच-सहा अंशांपेक्षा जास्त चढले, तर आणखी पातळ करावे.

पोलादी नळी वापरायची असेल, तर उत्प्रेरकाविना, नुसत्या क्वार्ट्झवर एक चाचणी आधी घ्यावी. गरम पोलादावर मेथनॉल फुटून कार्बन मोनॉक्साइड आणि हायड्रोजन होतो, आणि त्याचा दोष विनाकारण झिओलाइटच्या माथी येतो.

उत्प्रेरक नायट्रोजनमध्ये ५०० अंशांवर दोन तास कोरडा करून ३७० अंशांवर आणावा. मेथनॉलचा दर ताशी १ ग्रॅम, म्हणजे उत्प्रेरकाच्या वजनाच्या दुप्पट ठेवावा. मेथनॉलची घनता ०.७९ असल्याने सिरिंज पंपावर मिनिटाला ०.०२१ मिलिलिटर लावावे लागतील. सोबत मिनिटाला २० मिलिलिटर नायट्रोजन सोडावा. कुंभापर्यंतची आणि कुंभानंतरची नळी १५० अंशांवर गरम ठेवावी. मेथनॉल विषारी आहे, त्याची ज्योत उजेडात दिसत नाही आणि वाफ त्वचेतूनही अपाय करते, त्यामुळे सगळी मांडणी फ्यूमहूडमध्येच असावी.

हिशोब आधी पाण्याचा

कुंभातून बाहेर पडणारी वाफ बर्फाच्या सापळ्यातून न्यावी. सापळ्यात दोन थर साचतात, खाली पाणी आणि वर पेट्रोलसदृश द्रव. निवडकता, म्हणजे कोणते उत्पादन किती वाट्याने मिळाले, हे मोजण्याची घाई सगळ्यांना असते, पण आधी पाणी तोलावे. मेथनॉलच्या ३२ भागांतून १८ भाग पाणी निघते आणि १४ भाग हायड्रोकार्बन उरतात, म्हणजे १०० ग्रॅम मेथनॉलमागे सुमारे ५६ ग्रॅम पाणी आणि ४४ ग्रॅम हायड्रोकार्बन. सहा तासांत ६ ग्रॅम मेथनॉल दिले असेल, तर पूर्ण रूपांतर असताना खालच्या थरात ३.४ ग्रॅमच्या आसपास पाणी हवे. वायूबरोबर निसटणारी वाफ ०.१ ग्रॅमच्या आत असते. पाणी त्याहून बरेच कमी भरले, तर कुठेतरी गळती आहे किंवा पंप दाखवतो तेवढे देत नाही, आणि अशा प्रयोगाचे क्रोमॅटोग्राम कितीही देखणे असले तरी ते बाजूला ठेवावेत.

वायूच्या आकारमानाचा हिशोब करताना आणखी एक गफलत पुण्यात हमखास होते. शहर समुद्रसपाटीपासून सुमारे ५६० मीटर उंचीवर आहे आणि इथला हवेचा दाब साधारण ९४८ मिलिबार असतो. साबणाच्या फुग्याच्या मापकाने मोजलेल्या वायूचे मोल काढताना सवयीने १०१३ मिलिबार धरले, तर उत्तर सहा-सात टक्क्यांनी जास्त येते. शिवाय त्या मापकातला वायू पाण्याच्या वाफेने संतृप्त झालेला असतो. २७ अंशांवर तो वाटा आणखी पावणेचार टक्क्यांचा. दोन्ही दुरुस्त्या केल्या नाहीत, तर कार्बनचा ताळेबंद ११० टक्के दिसू शकतो. तो ९५ ते १०५ टक्क्यांत बसला, की मगच उत्पादनांकडे वळावे.

रूपांतर मोजताना डायमिथिल ईथरही न बदललेला कच्चा माल म्हणून धरावा, कारण तो मेथनॉलमधून चटकन तयार होतो आणि पुढे तोच हायड्रोकार्बन बनतो. निवडकता कार्बनच्या आधारावर द्यावी. वायूत इथिलिन, प्रोपिलिन, प्रोपेन, आयसोब्युटेन आणि द्रवात टोल्युइन, झायलिने, ट्रायमिथिल बेंझिने ठळक दिसतील.

शंभर टक्के रूपांतराचा फसवेपणा इथे नीट समजून घ्यावा. थराच्या वरच्या टोकाला कोक साचू लागतो आणि तो निकामी पट्टा हळूहळू खाली सरकतो. खाली ताजे दाणे शिल्लक असेपर्यंत बाहेर मेथनॉल दिसतच नाही आणि आलेख सपाट राहतो. मग एका टप्प्यावर मेथनॉल आणि डायमिथिल ईथर अचानक फुटून बाहेर येतात. त्यामुळे पाच तास शंभर टक्के रूपांतर दाखवून ‘उत्प्रेरक स्थिर आहे’ असा निष्कर्ष काढणे चुकीचे आहे. दोन उत्प्रेरकांची तुलना करायची असेल, तर मेथनॉलचा दर वाढवून रूपांतर शंभराच्या खाली आणावे किंवा फुटण्याच्या क्षणापर्यंत प्रतिग्रॅम किती मेथनॉल पचले ते मोजावे. दुसरी पद्धत वेळखाऊ आहे, पण मला तीच अधिक पटते.

मेथनॉलऐवजी इथेनॉल

महाराष्ट्रात उसाच्या मळीपासून इथेनॉल मुबलक मिळते, आणि १९ मे २०२३ रोजी पुणे-दिल्ली प्रवासी विमानात प्राज कंपनीने देशी कच्च्या मालापासून बनवलेले शाश्वत विमान-इंधन मिसळले गेले, तेव्हापासून या मार्गाविषयी विचारणा वाढली आहे. वरच्याच मांडणीत इथेनॉल सोडता येते, पण काही गोष्टी बदलतात. इथेनॉलचे इथिलिन होताना उष्णता शोषली जाते, त्यामुळे थर तापण्याऐवजी थंड पडतो. २०० अंशांच्या आसपास डायइथिल ईथर, त्यावर इथिलिन आणि ३५० अंशांच्या पुढे पेट्रोलच्या टप्प्यातील मिश्रण, असा क्रम लागतो. १०० ग्रॅम इथेनॉलमागे जास्तीत जास्त ६१ ग्रॅम इथिलिन मिळू शकते. विमान-इंधनासाठी इथिलिनवरच थांबून जोडणी वेगळ्या कुंभात करावी. ३७० अंशांवर थेट जायला गेलात, तर हाती ॲरोमॅटिक पेट्रोलच येते.

कोक जाळणे आणि द्रवाची व्यवस्था

मेथनॉल फुटून बाहेर आले की पंप बंद करावा आणि नायट्रोजन चालू ठेवून तासभर थर झाडून घ्यावा. मग ४०० अंशांवर नायट्रोजनमध्ये एक-दोन टक्केच ऑक्सिजन मिसळून सुरुवात करावी आणि बाहेरील कार्बन डायऑक्साइड ओसरू लागला की ऑक्सिजन व तापमान वाढवत ५२० अंशांवर नुसत्या हवेपर्यंत जावे. सुरुवातीलाच हवा सोडली, तर कोक एकदम पेटतो, आणि गरम वाफेने ॲल्युमिनियम चौकटीबाहेर पडतो. हे नुकसान कायमचे असते. थोडा निकामी उत्प्रेरक जाळण्याआधी बाजूला काढून तापभारमापनात ४०० ते ७०० अंशांदरम्यानची घट मोजली, तर कोकचे प्रमाण कळते. पुनरुज्जीवनानंतर पहिल्याइतकेच मेथनॉल पचले, तर तोटा कोकचा होता. दर फेरीला ते घटत गेले, तर चौकटच झिजते आहे आणि एनएमआर पुन्हा घ्यावा लागेल.

सापळ्याच्या तोंडाशी किंवा थंड नळीत कधीकधी पांढऱ्या सुया जमलेल्या दिसतात. ते ड्युरिन, म्हणजे चार मिथिल गट असलेले बेंझिन. ते ७९ अंशांखाली घट्ट असते आणि नळी बुजवते, म्हणून सापळ्यापर्यंतची वाहिनी कुठेही थंड पडू देऊ नये. सुया जमल्याच, तर टोल्युइनने विरघळवून त्यांचे वजन हिशोबात धरावे. वरच्या थरातला द्रव पेट्रोलसारखा वास देतो आणि त्यात गंधक नसते, तरीही तो गाडीच्या टाकीत घालायचा नाही. भारत स्टेज ६च्या पेट्रोलमध्ये बेंझिन एक टक्का आणि एकूण ॲरोमॅटिक ३५ टक्के यांहून जास्त चालत नाहीत, आणि कारखान्यात जड भागावर हायड्रोजनची वेगळी प्रक्रिया करून ड्युरिन कमी केल्यावरच हे पेट्रोल वापरता येते. प्रयोगशाळेतील नमुना तपकिरी काचेच्या बाटलीत, ‘बेंझिनयुक्त’ अशी चिठ्ठी आणि तारीख लावून शीतकपाटात ठेवावा. खालच्या थरातले पाणी मोरीत न ओतता द्रावक-कचऱ्यात टाकावे, कारण त्यात मेथनॉल उरलेले असू शकते.